जमिनीवरचे जहाज

आपल्या शिरपूरपासून समुद्र फार लांब. जहाज पुष्कळांनी चित्रातच पाहिलेले. पण मुंबईत एक जहाज असे आहे की ते पाण्यात नाही, जमिनीवर आहे. त्याला शीड नाही, सुकाणू नाही. दगडी भिंती आहेत. त्याचे नाव 'आंग्रे'.

तुम्ही म्हणाल, ही काय थट्टा? थट्टा नाही. खलाशी बारा महिने समुद्रावर नसतो. एक जहाज सोडले की दुसरे मिळेपर्यंत त्याला राहायला जागा लागते. पूर्वी इंग्रज लोक म्हातारी झालेली लढाऊ जहाजे बंदरात बांधून ठेवीत. त्यांच्या डोलकाठ्या उतरवीत अन् आत खलाशांना ठेवीत. ओल, अंधार, कोंदट हवा! पुढे किनाऱ्यावर पक्क्या बराकी बांधल्या, पण जहाजाचे नाव सुटले नाही. आजही आरमारात बराकीला जहाजच धरतात. तिथे जमिनीला डेक म्हणतात. फाटकाबाहेर निघाले की 'किनाऱ्यावर चाललो' म्हणतात. गोठ्यात बैल नसला तरी आपण त्याला गोठाच म्हणतो ना, तसेच हे.

मुंबईची ही बराक टाऊन हॉलच्या मागे, इंग्रजांच्या जुन्या किल्ल्याच्या जागेवर आहे. तिला कॅसल बॅरॅक्स म्हणत.

१९४६ साल. आरमारातले हिंदी खलाशी चिडलेले होते. गोऱ्या खलाशाला पगार जास्त, यांना कमी. वर साहेबाच्या शिव्या, अन् डाळीत खडे. डाळ निवडायला कितीसा वेळ लागतो? पण खाणाऱ्याची किंमतच नसली तर निवडतो कोण! १८ फेब्रुवारीला कुलाब्याच्या 'तलवार' बराकीतल्या खलाशांनी जेवण नाकारले. बघता बघता सुमारे वीस हजार खलाशी संपात आले. मुंबईत आले, कराचीतही आले.

२१ तारखेला कॅसल बॅरॅक्सच्या फाटकावर लष्कराचा पहारा होता. आतल्यांना बाहेर पडू देईनात. गोळी सुटली. खलाशांनी शस्त्रागार फोडले, बंदुका काढल्या आणि उलट गोळी चालवली. कित्येक तास हे चालले. इकडे मुंबईचे लोक खलाशांसाठी अन्न घेऊन बंदरावर धावले. दुसऱ्या दिवशी शहरात हरताळ झाला. रस्त्यांवर गोळीबार झाला. त्या दंगलीत दोनशेहून जास्त माणसे मेली. गिरणगावातल्या कमल दोंदे या बाई त्यांतल्याच एक.

२३ तारखेला सरदार पटेलांच्या सल्ल्यावरून खलाशांनी संप मागे घेतला. शेकडो जणांची नोकरी गेली. स्वराज्य आले तरी त्यांना परत घेतले नाही. हे मनाला लागते.

१९५१ साली या बराकीचे 'डलहौसी' हे नाव काढले आणि कान्होजी आंग्र्यांचे नाव दिले. कान्होजी म्हणजे मराठ्यांच्या आरमाराचे सरखेल. इंग्रज त्यांना समुद्री लुटारू म्हणत. १७२१ साली इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून त्यांच्या कुलाबा किल्ल्यावर चालून गेले आणि हात हलवीत परत आले. १७२९ साली कान्होजी वारले, तोवर ते इंग्रजांच्या हाती लागले नाहीत.

आता इंग्रजांच्याच किल्ल्यावर त्यांचे नाव आहे. आत आरमाराचा पहारा असतो, पाहायला जाता येत नाही. त्यांची समाधी मात्र अलिबागला आहे, ती कुणालाही पाहता येते.