दोन लाख हात

36 किलोमीटर. धरमतरची जेट्टी ते गेटवे ऑफ इंडिया. समुद्रात पोहणाऱ्या महाराष्ट्रातल्या कुठल्याही पोराला झोपेतून उठवून विचारा, हा आकडा त्याला तोंडपाठ असतो. रायगडच्या किनाऱ्यावरची ही वाट म्हणजे आपल्या सागरी पोहण्याची बोर्डाची परीक्षा. सीएसएमटीला लोकल पकडा, दादर, कुर्ला, मुलुंड, ठाणे सगळं मागे टाका आणि कळव्याच्या आसपास उतरा. तेवढं अंतर. लोकलला लागतो तासाभराहून थोडा जास्त वेळ. पोहणाऱ्याला लागतात आठ ते दहा तास, आणि मध्ये एकही स्टेशन नाही!

आणि हा माणूस करतो काय? हात मारतो. एका हातात साधारण एक मीटर पुढे सरकतो असं धरू. पट्टीच्या पोहणाऱ्याचं माप तेवढंच पडतं. म्हणजे 36 किलोमीटरना 36 हजार हात. दर हाताला 10 लिटर पाणी मागे लोटलं जातं असं हिशेबाच्या सोयीसाठी मानू. झाले 3 लाख 60 हजार लिटर. उन्हाळ्यात टंचाईच्या गावात 10 हजार लिटरचा टँकर आला की झुंबड उडते ना? तसे 36 टँकर! धरमतरला पाण्यात उतरलेलं पंधरा-सोळा वर्षांचं पोरगं 36 टँकर पाणी हातांनी मागे सारतं, तेव्हा कुठे गेटवेच्या पायऱ्या दिसतात.

त्याच्या छातीत काय चाललेलं असतं तेही बघा. मिनिटाला 140 ठोके धरले तर दहा तासांत 84 हजार. तुमचं-आमचं हृदय 24 तासांत लाखभर ठोके देतं. म्हणजे जवळजवळ अख्ख्या दिवसाची मजुरी त्याचं हृदय एका पाळीत उरकतं. खर्ची पडतात सुमारे 6 हजार कॅलरी. एका वडापावच्या 300 धरल्या तर वीस वडापाव! आणि खायला मिळतं काय, तर बोटीतून दोरीला बांधून फेकलेली बाटली. ती पाण्यात उभ्या-उभ्या, पाय मारत तोंडाला लावायची. बोटीला बोट लागलं की पोहणं बाद.

आता एवढं सगळं करणाऱ्याला पुरस्कार द्यायचा झाला तर कुठला? माझा सगळा हिशेब याच वादासाठी आहे.

वाद प्रभात कोळीचा धरू. नवी मुंबईचा हा पोरगा, जन्म 1999 चा. जगातल्या सात कठीण सागरी वाटांना मिळून ‘ओशन्स सेव्हन’ म्हणतात. इंग्लिश खाडी, आयर्लंड आणि स्कॉटलंडमधली नॉर्थ चॅनल, कॅलिफोर्नियाची कॅटलिना, हवाईची मोलोकाई, जपानची त्सुगारू, जिब्राल्टर आणि न्यूझीलंडची कुक सामुद्रधुनी. कॉलेजच्या वयात प्रभातनं त्या एकेक करून संपवल्या. 1 मार्च 2023 ला कुक पार झाली तेव्हा त्याचं वय होतं 23, आणि त्या वेळी एवढ्या लहान वयात हे सप्तक पुरं करणारा दुसरा कुणी जगात नव्हता. त्याच्याआधी 2018 मध्ये पुण्याच्या रोहन मोरेनं हेच करून आशियात पहिला नंबर लावला होता.

सातही अंतरांची बेरीज करा. सुमारे 200 किलोमीटर. मुंबई ते पुणे रेल्वेनं 192. म्हणजे डेक्कन क्वीनमध्ये बसायचं नाही, तिच्या रुळांवर पाणी भरायचं, खंडाळ्याचा घाट पोहून चढायचा, पुणे स्टेशनला थांबायचं नाही आणि हडपसरला बाहेर यायचं! 200 किलोमीटरचे हात झाले 2 लाख. पाणी झालं 20 लाख लिटर. गावाकडची वीस फूट व्यासाची विहीर घ्या, तेहतीस फूट पाणी असलेली. तिच्यात मावतं पावणेतीन-तीन लाख लिटर. म्हणजे प्रभातनं हातांनी उपसल्या सात विहिरी. सात समुद्रांना सात. हा योगायोग मी जुळवलेला नाही, हवं तर स्वतः गुणाकार करून बघा.

आणि हे सरळ रेषेतलं अंतर झालं. इंग्लिश खाडीचे 34 किलोमीटर नकाशावर. भरती एका बाजूला ओढते, सुकती दुसऱ्या बाजूला, आणि पोहणारा नागमोडी जात कधीकधी पन्नासाच्या घरात जातो. नॉर्थ चॅनलचं पाणी 12 ते 14 अंशांचं, अंगात फक्त पोहण्याची चड्डी, टोपी, गॉगल. रायगडच्या कोमट पाण्यात वाढलेल्याला ते काय वाटत असेल, ते महाबळेश्वरला जानेवारीत बादलीभर गार पाणी अंगावर घेऊन बघा. तेही दहा तास.

एव्हरेस्टवर आजवर सहा हजारांहून जास्त माणसं चढली. सकाळी साडेआठची बारा डब्यांची लोकल गच्च भरेल एवढी. ओशन्स सेव्हन पुरं करणारी माणसं 2023 साली एसटीच्या एका बसमध्ये बसली असती, आणि कंडक्टरला ‘पुढे सरका’ म्हणावं लागलं नसतं.

तर पुरस्कार. सरकारनं प्रभातला काही दिलंच नाही असं नाही. 2018 चा तेनसिंग नोर्गे राष्ट्रीय साहस पुरस्कार, जलसाहस विभागात, त्याला मिळाला. हा पुरस्कार अर्जुनच्या तोडीचा मानतात. मग भांडण कसलं? भांडण असं की तो मिळाला तेव्हा सात खाड्या पुऱ्या व्हायच्या होत्या. आणि दुसरं, ‘साहस’ म्हटलं की खेळ संपतो. अर्जुनच्या तक्त्यात ऑलिम्पिक, आशियाई, राष्ट्रकुल, जागतिक स्पर्धा यांच्या पदकांना वजन. समुद्र पदक देत नाही. कुक सामुद्रधुनीला पोडियम नाही.

अमेरिकेत बघा. तिथे कॉलेजच्या फुटबॉलमध्ये हाइझमन ट्रॉफी आहे, 1935 पासून. यंदाचा क्वार्टरबॅक तिच्या लायक आहे की नाही यावर दरवर्षी घराघरांत भांडणं, आणि नऊशेच्या वर मतदार. 2019 ला जो बरो जिंकला. मोसमभरात त्याच्या फेकींतून संघानं पुढे सरकलेलं अंतर 5,671 यार्ड. देश वेडा झाला! मी त्याचे मीटर केले. झाले 5.2 किलोमीटर. धरमतरचा पोहणारा तेवढं अंधारात, पहिल्या दीड तासात कापतो. बरोच्या अंगावर दर वेळी चार राक्षस धावून येत होते हे मान्य. पण त्याचं यार्ड-यार्ड कुणीतरी मोजलं, छापलं, त्यावर वाद घातला. आमच्याकडे दोन लाख हातांना तक्ताच नाही.

विरुद्ध बाजूचा एक मुद्दा मात्र जोरदार आहे. म्हणतात, धरमतरहून सुकतीबरोबर सोडलं तर अर्धं काम पाणीच करतं. बरोबर आहे. वेळ साधली तर पाणी ओढून नेतं. पण रेवस आणि करंजाच्या मधून बाहेर पडलात, बंदराच्या तोंडाशी आलात आणि वेळ चुकली, की तेच पाणी उलटं फिरतं. मग ज्याला मदत म्हणता, ते केवढं आहे बघा.

उधाणाच्या दिवशी या किनाऱ्यावर पाणी सुमारे 4 मीटर चढतं. फक्त एक चौरस किलोमीटरचा तुकडा घ्या, बंदर कितीतरी मोठं आहे. एक चौरस किलोमीटर गुणिले 4 मीटर. 40 लाख घनमीटर. 400 कोटी लिटर! भातसा, वैतरणा, तानसा, मोडकसागर सगळे मिळून अख्ख्या मुंबईला दिवसाला जेवढं पाणी देतात, जवळपास तेवढं. तेही सहा तासांत. 10 हजार लिटरचे टँकर लावले तर 4 लाख टँकर. टँकर आठ मीटर लांब धरा आणि एकामागे एक उभे करा, रांग होते 3,200 किलोमीटरची. मुंबई-पुणे रस्त्यानं दीडशे. म्हणजे रांग पुण्याला जाईल, परत येईल, परत जाईल, अशी दहा वेळा जाऊन-येऊन अकराव्यांदा पुण्यात शिरेल. आणि हा झाला एकच चौरस किलोमीटर! एवढं पाणी अंगावर येत असताना त्याच्यासमोर एक माणूस, एका हाताला 10 लिटर.

या प्रतिस्पर्ध्यासमोर टिकण्याला खेळ म्हणायचं नाही तर कशाला? बुला चौधरींना 1990 साली अर्जुन मिळाला, त्याच्या आदल्याच वर्षी त्यांनी इंग्लिश खाडी पार केली होती. त्या तलावातल्याही राष्ट्रीय विजेत्या होत्या हे खरं, पण समुद्र आणि अर्जुन यांची ओळख तेव्हापासूनची आहे. प्रभातचं नाव त्या यादीच्या चर्चेत यायलाच हवं, असं माझं मत.

आता शेवटचा भागाकार. प्रभातला तेनसिंग पुरस्कार मिळाला तेव्हा रक्कम होती 5 लाख. भागिले 2 लाख हात, अडीच रुपये हात. लोकलच्या सर्वांत स्वस्त तिकिटाच्या निम्मे. अर्जुनचे 2020 पासून 15 लाख. तेही मिळाले असं धरा. एकूण 20 लाख, हाताला दहा रुपये. यातून सात परदेशी प्रवास, सात वेळच्या पायलट बोटी आणि निरीक्षकांची फी अजून वजा करायची आहे, आणि खाडी ओलांडताना एकेका बोटीचं भाडंच लाखांत जातं.