प्रत्येक जण बरोबर, व्यवहार मात्र चूक

एप्रिल २०११मध्ये ॲमेझॉनवर एका पुस्तकाची किंमत २,३६,९८,६५५.९३ डॉलरवर पोहोचली. पुस्तक होते पीटर लॉरेन्स यांचे ‘द मेकिंग ऑफ अ फ्लाय’, माशीच्या भ्रूणाची घडण उलगडणारा १९९२चा शास्त्रीय ग्रंथ. जीवशास्त्रज्ञ मायकेल आयझेन यांनी दोन विक्रेत्यांच्या किमती रोज टिपल्या, तेव्हा कोडे सुटले. एकाचा प्रोग्राम प्रतिस्पर्ध्याच्या किमतीला ०.९९८३ने गुणून आपली किंमत किंचित खाली ठेवत होता; दुसऱ्याचा १.२७०५८९ने गुणून वर. या दोन आकड्यांचा गुणाकार सुमारे १.२७. म्हणजे तीन फेऱ्यांत किंमत दुप्पट!

यांपैकी कोणताही प्रोग्राम एकटा तपासला असता, तर तो निर्दोषच ठरला असता. दोष होता तो दोघांच्या परस्परसंबंधात. स्वतंत्रपणे निर्णय घेणारे अनेक प्रोग्राम जिथे एकत्र वावरतात, त्या ‘बहु-एजंट प्रणाली’ची खरी अडचण हीच. शिवाय कोणाची पायरी आधी पडेल, हेही ठरलेले नसते. दहा-दहा पायऱ्यांचे दोन प्रोग्राम १,८४,७५६ वेगवेगळ्या क्रमांनी चालू शकतात. तसाच तिसरा आला, की हे क्रम साडेपाच लाख कोटींच्या वर जातात. हाताने एवढे तपासणे अशक्य, म्हणून चाचणीही यंत्राकडेच सोपवावी लागते.

त्यासाठी संगणकातच एक लुटुपुटीचा बाजार उभारतात. त्यातले घड्याळसुद्धा कृत्रिम. क्रम बदलत हजारो फेऱ्या चालवायच्या आणि प्रत्येक क्रमाची नोंद ठेवायची, म्हणजे बिघाड सापडल्यास तो जसाच्या तसा पुन्हा घडवून पाहता येतो. इथे अचूक उत्तर आधी माहीत नसते. म्हणून उत्तराऐवजी नियम तपासतात: उदाहरणार्थ, ‘किंमत छापील किमतीच्या दहापटीपुढे जाऊ नये.’ क्लासेन आणि ह्यूज यांच्या ‘क्विकचेक’ने २०००मध्ये ही नियमाधारित पद्धत रुजवली. भाषा-प्रारूपांवर चालणारे आजचे एजंट त्याच प्रश्नाला दर वेळी वेगळे उत्तर देऊ शकतात. तेव्हा एकदा उत्तीर्ण होणे पुरत नाही, शंभरांत किती वेळा नियम मोडला हे पाहावे लागते.

नियम कुठे मोडतो, हे यंत्र न थकता शोधील. पण नियम कोणता असावा, हे माणसानेच सांगायचे असते. त्या माशीच्या पुस्तकाची किंमत कोटींत गेली, तरी कोणतीही मर्यादा तिच्या आड आली नाही.