लोटांगणावर पहारा

जेरुसलेममधल्या टेंपल माउंट या टेकडीवर, ज्यूंच्या जुन्या मंदिराच्या जागी, कुणीतरी ज्यू आडवा पडतो, पोलीस त्याला बखोटीला धरून उठवतात, कुणीतरी ते मोबाइलवर टिपतं आणि संध्याकाळपर्यंत अरब राजधान्यांतून निषेधाची पत्रकं निघतात. ज्यूंच्या मंदिरांच्या विध्वंसाचा शोकदिन, तिशा बाव, आला की ही बातमी ठरलेली. ऑगस्ट २०२४ मध्ये तर इस्रायलचे राष्ट्रीय सुरक्षामंत्री इतमार बेन-ग्वीर स्वतःच वर गेले. त्यांच्या समर्थकांनी फरशीवर लोटांगणं घातली आणि 'यथास्थितीत बदल नाही' असा खुलासा पंतप्रधान कार्यालयाला करावा लागला. ज्यूंनी वर यावं पण प्रार्थना करू नये ही १९६७ पासूनची यथास्थिती, अल-अक्सा, वक्फ, जॉर्डन हे सगळं वाचून वाचकांचा पिट्ट्या पडला असेल. ते बाजूला ठेवू.

मला प्रश्न पडतो तो साधा आहे. हातात हत्यार नाही, तोंडात घोषणा नाही, माणूस फक्त जमिनीवर पालथा पडलाय. एवढ्यानं गुन्हा होतो का? मे २०२२ मध्ये जेरुसलेमच्या एका न्यायाधीशांसमोर नेमका हाच प्रश्न आला. तीन मुलांनी टेकडीवर 'शेमा' ही प्रार्थना म्हटली होती आणि ती वाकली होती. यात गुन्हा नाही, असं न्यायाधीश म्हणाले. काही दिवसांतच वरच्या न्यायालयानं तो निकाल फिरवला. त्याआधी कैक वर्षं तिथले पोलीस ज्यू पाहुण्यांचे ओठ न्याहाळत चालायचे. ओठ हलताना दिसले की माणूस बाहेर.

गंमत अशी की ज्यूंच्या प्रार्थनेची सुरुवातीची एक गोष्टच ओठांवरच्या पाळतीची आहे. बायबलमधली हन्ना मूल व्हावं म्हणून शिलोच्या देवस्थानात प्रार्थना करत होती. ओठ हलत होते, आवाज येत नव्हता. एली हा याजक तिच्या तोंडाकडे बघत बसला होता. त्याला वाटलं, बाई प्यायलेली आहे. पुढे ताल्मूद या ज्यू धर्मशास्त्राच्या ग्रंथातल्या पंडितांनी याच प्रसंगावरून नियम बसवला: मुख्य प्रार्थना ओठ हलवून म्हणावी, मात्र आवाज आपल्यापुरताच ठेवावा.

ही मुख्य प्रार्थना म्हणजे अमिदा. ती उभ्यानं म्हणतात, दिवसातून तीनदा. जवळून पाहिलं तर सुरुवातीच्या अर्ध्या मिनिटात केवढं तरी घडतं. तीन पावलं मागे, तीन पावलं पुढे. मग दोन्ही पाय एकमेकांना चिकटवून उभं राहायचं, कारण यहेज्केल संदेष्ट्याला दिसलेल्या दिव्य प्राण्यांचे पाय सरळ, जणू एकच होते. पहिल्या शब्दाला गुडघे वाकतात, दुसऱ्याला कंबर, आणि देवाचं नाव यायच्या आत माणूस पुन्हा ताठ. नावाच्या वेळी वाकलेलं राहायचं नाही. वाकायचं कसं याचाही धडा आहे. ताल्मूदमधले रब्बी शेशेत वाकताना काठीसारखे झटक्यात खाली जायचे आणि उठताना सापासारखे, आधी डोकं, मग बाकीचं अंग. शेवटी पुन्हा तीन पावलं मागे. देवळातून निघताना आपण देवाकडे पाठ न करता मागे मागे येतो, तसंच हे.

'द नॉनव्हर्बल लँग्वेज ऑफ प्रेअर' हे पुस्तक लिहिणारे इस्रायली अभ्यासक उरी एर्लिख यांचं म्हणणं मला यात सर्वांत पटतं. ते म्हणतात, या हालचाली त्या काळच्या रीतभातीतून आल्या. दास धन्यासमोर कसा उभा राहतो, शिष्य गुरूचा निरोप कसा घेतो, तेच देवासमोर. मागे जाण्याच्या तीन पावलांबद्दल ताल्मूदही शिष्य आणि गुरूचाच दाखला देतो. ज्यू धर्मपंडित मैमोनिदीस तर अमिदेत उजवा हात डाव्यावर ठेवून दोन्ही हात छातीशी घ्यायला सांगतो, धन्यापुढे दास उभा राहतो तसे. यात गूढ ऊर्जा वगैरे काही नाही. दरबारी शिष्टाचार आहे.

शिष्टाचार म्हटला की त्यात हुद्देही आले. साध्या माणसानं अमिदेत चारदाच वाकायचं: पहिल्या आशीर्वचनाच्या आधी आणि शेवटी, आभाराच्या आशीर्वचनाच्या आधी आणि शेवटी. त्याहून जास्त वाकणाऱ्याला थांबवा, असं ताल्मूद सांगतो. मुख्य याजकानं मात्र प्रत्येक आशीर्वचनाला वाकायचं आणि राजानं एकदा गुडघे टेकले की शेवटपर्यंत उठायचंच नाही. जेवढा मोठा, तेवढा जास्त वाकलेला. आपल्याकडच्या मंत्र्यांच्या देवदर्शनाची छायाचित्रं आठवली आणि हा नियम फार आवडला.

आता त्या डोलण्याबद्दल. जेरुसलेमच्या पश्चिम भिंतीसमोर पुढे-मागे झुलणारे काळ्या कोटातले पुरुष वाचकांनी पाहिलेत. कब्बाला या ज्यू गूढवादाचा मूळ ग्रंथ झोहार म्हणतो, ज्यूचा आत्मा दिव्याच्या ज्योतीसारखा आहे, म्हणून तो थरथरतो. स्तोत्रातल्या एका ओळीच्या आधारे दुसरे म्हणतात, सगळी हाडं प्रार्थना करतात. बाराव्या शतकातला स्पेनचा कवी-तत्त्वज्ञ येहुदा हलेवी यानं मात्र 'कुझारी' या ग्रंथात वेगळंच कारण दिलंय. पूर्वी पुस्तकं थोडी होती. दहा-दहा जण एकाच पोथीभोवती बसायचे, पोथी जमिनीवर. आपली पाळी आली की वाकून वाचायचं, मग दुसऱ्याला जागा द्यायला मागे सरायचं. पुढे पोथ्या आल्या, सवय उरली. हे खरंच असं घडलं का, हे सिद्ध करता येणार नाही, पण आठशे-नऊशे वर्षांपूर्वी एक धार्मिक माणूस धार्मिक कृतीचं इतकं रोखठोक कारण देतो, याला दाद द्यायला हवी. शिवाय अमिदेत डोलणं सगळ्यांना मान्य नव्हतंच. काही मोठ्या रब्बींनी ते चक्क निषिद्ध मानलं.

आपल्या कोकणातल्या बेने इस्रायली ज्यूंची हातबोशी या साऱ्यात मला सर्वांत लोभस वाटते. सिनेगॉगमध्ये प्रार्थना संपली की एकानं दोन्ही हात पुढे करायचे, समोरच्यानं ते आपल्या हातांत घ्यायचे आणि मग आपलीच बोटं ओठांना लावायची. वडीलधाऱ्यांपासून सुरू होऊन ते सगळीकडे फिरतं. त्याचा अर्थ विचारायची पाळी पाहणाऱ्यावर येत नाही.

पुन्हा लोटांगणाकडे येतो. मंदिर उभं होतं तेव्हा तिथे साष्टांग पडणं ही रोजची गोष्ट होती. गर्दीत उभं राहायला जागा नसायची, पण दंडवत घालताना प्रत्येकाला जागा पुरायची, हा मिश्ना या ज्यू धर्मग्रंथातल्या दहा चमत्कारांपैकी एक. इ.स. ७० मध्ये रोमनांनी मंदिर पाडलं आणि हळूहळू दंडवत आटत गेला. आज अनेक ज्यू तो वर्षातून मोजकेच दिवस, रोश हशाना आणि योम किप्पूर या सणांना घालतात. तेव्हाही कपाळाखाली कापड किंवा कागद अंथरतात. कारण लेवीय ग्रंथातल्या एका आज्ञेवरून ताल्मूदनं ठरवलं की दगडी फरशीवर दंडवत फक्त मंदिरात चालतो, इतरत्र नाही. म्हणजे टेकडीवर उघड्या दगडाला कपाळ टेकणारा माणूस नुसती भक्ती करत नसतो. ही जागा आजही मंदिरच आहे, असं तो शरीरानं सांगत असतो. समोरच्यालाही ते बरोबर कळतं. पोलीस धावतात ते म्हणूनच.

तेराव्या शतकात हाच दंडवत दुसऱ्याच कारणानं वादात सापडला होता. मैमोनिदीसचा मुलगा अब्राहम १२०४ मध्ये वडील वारल्यावर इजिप्तच्या ज्यूंचा पुढारी झाला. कैरोजवळच्या सिनेगॉगमध्ये लोक भिंतीला टेकून बसतात, प्रार्थनेत जीव नाही, हे त्याला सहन होईना. त्यानं रांगा लावायला सांगितल्या, हात-पाय धुवायला सांगितले, गुडघे टेकणं आणि दंडवत पुन्हा आणला. आजूबाजूचे सूफी नेमकं हेच करत होते. विरोधक खवळले: ही तर मुसलमानांची नक्कल! नवे प्रकार घुसडतो म्हणून ज्यूंनी ज्यूंविरुद्ध तक्रार केली, तीही मुसलमान सुलतानाकडे. अब्राहमचं उत्तर असं होतं की हे सारं आपल्याच संदेष्ट्यांचं आहे, आपण विसरलो आणि शेजाऱ्यांनी जपलं. आपलीच वस्तू परत घेण्याला नक्कल म्हणत नाहीत. त्याच्या सुधारणा मात्र टिकल्या नाहीत.

कैरोत जो दंडवत परका म्हणून नाकारला गेला, तोच आज जेरुसलेममध्ये अगदी आपला म्हणून, मालकी हक्क सांगायला वापरला जातो. शरीराची ठेवण तीच आहे. बदलली ती शेजाऱ्याशी असलेल्या भांडणातली बाजू. माझ्या मते प्रार्थनेतल्या हालचालींचे गूढ अर्थ सांगणाऱ्यांपेक्षा त्यांचा हा इतिहास जास्त खरं सांगतो. बेन-ग्वीर यांच्या समर्थकांच्या लोटांगणात भक्ती किती आणि राजकारण किती, हे मोजायला ओठ न्याहाळणारा पोलीस उपयोगाचा नाही.

आणि एक गोष्ट या बातम्यांत हमखास गळते. टेकडीवर जाणाऱ्या वाटेवरच इस्रायलच्या मुख्य रब्बिनेटची पाटी आहे. जागेच्या पावित्र्यामुळे तोराच्या नियमानुसार आत पाऊल टाकायलाच मनाई आहे, असं त्या पाटीवर लिहिलंय.