मेल सर्व्हरची देखभाल (भाग ७) : सेंटओएस ७ वर नवा पोस्टफिक्स का चढत नाही?

मागच्या भागात आपण पोस्टफिक्सची रांग पाहिली. आता प्रश्न असा की, ज्या लिनक्सचा आधारच संपला आहे त्यावर हा पोस्टफिक्स अद्ययावत करायचा, तर वाट नेमकी कुठे अडते?

सेंटओएस ७ घेऊ. २०१४ मध्ये आलेल्या या प्रणालीच्या दुरुस्त्या ३० जून २०२४ ला थांबल्या. मेल मात्र येत-जात राहते, म्हणूनच अशा सर्व्हरला कुणी हात लावत नाही. हात लावायलाच हवा असे कारण डिसेंबर २०२३ मध्ये पुढे आले: एसएमटीपी स्मगलिंग. पत्र संपले हे एसएमटीपीत एकट्या टिंबाच्या ओळीवरून कळते. ओळीचा शेवट तपासण्यात घेणारा सर्व्हर ढिला असेल, तर एका पत्राच्या पोटात दुसरे पत्र दडवता येते आणि ते दुसरे पत्र एसपीएफची तपासणीही पार करू शकते. पोस्टफिक्सने ३.५.२३, ३.६.१३, ३.७.९ आणि ३.८.४ मध्ये यावर उपाय दिला. सेंटओएस ७ सोबत आलेला पोस्टफिक्स २.१० मालिकेतला, तिची देखभाल केव्हाच बंद झाली होती.

पहिला अडथळा यमचा. मिररची यादी मिळत नाही, असा संदेश येतो आणि माणूस डीएनएस तपासत बसतो. डीएनएस ठीक असतो, यादी देणारा पत्ताच बंद झालेला असतो. रेपोच्या फायलीत व्हॉल्टचा पत्ता घातला की यम चालू लागतो, पण तिथे जुनीच पॅकेजे आहेत.

मग कुणी आठव्या आवृत्तीचे पॅकेज आणून बसवू पाहतो. ते जीलिबसी २.२८ मागते, इथे आहे २.१७. या टप्प्यावर जीलिबसी जबरदस्तीने बदलण्याचा सल्ला कुणी दिला, तर तो कृपया ऐकू नका. एसएसएचपासून यमपर्यंत सगळे तिच्यावर उभे आहे. ती बिघडली तर दुरुस्तीसाठी आत शिरायलाही वाट राहत नाही.

उरतो सोर्सवरून बांधण्याचा मार्ग. पोस्टफिक्स ३.६ पासून ओपनएसएसएल किमान १.१.१ लागते, आणि सेंटओएस ७ वर १.०.२ आहे. म्हणून प्रणालीच्या स्वतःच्या ओपनएसएसएलवर ३.५ मालिकेच्या पुढे जाता येत नाही. तिथे ३.५.२३ किंवा त्यापुढची ३.५ बांधता येते. बांधण्यापूर्वी ‘पोस्टकॉन्फ -एम’ चालवून सध्या कोणते तक्ते चालतात ते लिहून ठेवा. वापरकर्ते मायएसक्यूएलमध्ये असतील आणि नव्या बांधणीत तो आधार घालायचा राहिला, तर लॉगमध्ये ‘अनसपोर्टेड डिक्शनरी टाइप’ एवढेच दिसेल. डेटाबेस शाबूत, पासवर्ड बरोबर, तरी मेल ठप्प.

माझ्या मते ३.५ ही तात्पुरती कुबडी आहे. खरा उपाय नवे यंत्र, नवी प्रणाली. अल्मालिनक्स ९ ला २०३२ पर्यंत सुरक्षा दुरुस्त्या मिळणार आहेत. यासाठी घाई करण्याचे कारण नाही, कारण एसएमटीपी मुळातच धीराचा आहे. पत्र पोचले नाही तर पाठवणाऱ्या सर्व्हरने निदान चार-पाच दिवस प्रयत्न करत राहावे, असे आरएफसी ५३२१ सांगते. पोर्ट २५ तासभर बंद राहिला म्हणून बाहेरून येणारे पत्र हरवत नाही. शक्य असेल तर जुनाच आयपी पत्ता आणि त्याचे उलटे डीएनएस कायम ठेवा. नव्या आयपीवर मोठ्या मेलसेवा सहज विश्वास ठेवत नाहीत.

रांगेत उरलेली पत्रे नव्या यंत्रावर नेताना दोन्हीकडचा पोस्टफिक्स आधी थांबवा. रांगेतल्या फायलीचे नाव तिच्या आयनोडशी बांधलेले असते, म्हणून नकल केल्यावर ‘पोस्टसुपर -एस’ चालवणे आवश्यक. सुरुवातीला ‘सॉफ्ट बाउन्स’ चालू ठेवा, म्हणजे एखादी सेटिंग चुकली तरी पत्र कायमचे नाकारले न जाता पुन्हा येईल. लॉग नीट वाचून झाला की ती सेटिंग काढा. नाहीतर चुकीच्या पत्त्यांवरची पत्रे पाठवणाऱ्यांच्या रांगेत दिवसेंदिवस अडकून पडतील.

पुढील भागात : डव्हकॉट २.४ आणि त्याची बदललेली कॉन्फिगरेशन फाइल.