रोखठोक शब्दांचा आधार

कोलकात्यातील मनुष्य मित्राच्या घरून निघताना उंबरठ्यावर क्षणभर थांबून ‘आशी’ म्हणतो. या बंगाली शब्दाचा सरळ अर्थ ‘येतो’ असा आहे. आपल्याकडेही निरोप घेणारा ‘येतो’ असेच म्हणतो. ‘जातो’ हा शब्द अशुभ मानून टाळला जातो. मनुष्य जात असतो, शब्द येण्याचा असतो, आणि ऐकणाऱ्यास त्यात काहीच खटकत नाही. कचेरीतील कारकून अर्ज हाती घेऊन ‘देखछी’, म्हणजे ‘पाहतो’, असे म्हणाला, तर काम बहुधा व्हावयाचे नाही, हेही आपण त्याच्या स्वरावरून ओळखतो. शब्द एक आणि अर्थ दुसरा, अशा शेकडो संकेतांवर आपला नित्याचा व्यवहार चालतो. हे संकेत आपणांस कोणी मुद्दाम शिकविलेले नसतात; ते नकळत अंगवळणी पडतात.

परंतु काही माणसांना हे संकेत आपोआप उमगत नाहीत. परकी भाषा व्याकरणावरून शिकावी, त्याप्रमाणे ते एकेक करून शिकावे लागतात. अशा व्यक्तींना आपण ‘स्वमग्न’ म्हणतो. स्वमग्न प्रौढ परस्परांना सल्ला देतात, तेव्हा तो पुष्कळदा इतका रोखठोक असतो की तिऱ्हाइतास तो कठोर वाटावा. हा रोखठोकपणा त्यांच्या जीवनात कोणते कार्य करतो आणि त्यातून मनाला बळ कसे मिळते, हे येथे पाहावयाचे आहे.

स्वमग्नता म्हणजे काय?

‘ऑटिझम’ हा शब्द स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉइलर यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी घडविला. ‘स्वतः’ या अर्थाचा ग्रीक शब्द त्याच्या मुळाशी आहे. पुढे १९४३ मध्ये अमेरिकेतील बाल्टिमोर येथे लिओ कॅनर यांनी ११ मुलांचे वर्णन प्रसिद्ध केले आणि १९४४ मध्ये व्हिएन्ना येथील हान्स आस्पेर्गर यांनी तशाच स्वरूपाच्या मुलांविषयी लिहिले. मराठीत या अवस्थेस ‘स्वमग्नता’ हे नाव पडले. शब्द सुटसुटीत आहे, परंतु थोडा फसवाही आहे. अशी व्यक्ती स्वतःतच बुडालेली व इतरांविषयी उदासीन असते, असा समज त्यामुळे होतो. वस्तुतः अनेक स्वमग्न माणसांना सोबतीची तीव्र ओढ असते. तिच्यापर्यंत पोहोचण्याची वाट मात्र त्यांना सापडत नाही.

स्वमग्नता हा जडणारा रोग नव्हे. मेंदूच्या विकासाची ती एक निराळी घडण आहे. ती बालपणापासून असते आणि जन्मभर टिकते. तिच्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. आईच्या मायेतील उणिवेमुळे मूल असे होते, ही एके काळी तज्ज्ञांतही प्रचलित असलेली कल्पना आज पूर्णपणे त्याज्य ठरली आहे. संभाषणातील अडचण, ठराविक क्रमाची आवड, एखाद्या विषयाचा सखोल ध्यास आणि आवाज, प्रकाश, स्पर्श यांविषयीची कमीअधिक संवेदनशीलता, ही तिची मुख्य लक्षणे होत. त्यांचे प्रमाण व्यक्तीगणिक भिन्न असते. कोणी विद्यापीठात शिकवितो, तर कोणाला मुळीच बोलता येत नाही व दैनंदिन कामांतही आयुष्यभर साहाय्य लागते.

मुले मोठी होतात

स्वमग्नतेविषयी जे लिहिले गेले त्याचा मोठा भाग बालकांविषयीचा आहे. परंतु स्वमग्न बालक मोठे होऊन स्वमग्न प्रौढच होते. भारतात १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने स्वमग्न व्यक्तींच्या हिताची व पालकत्वाची तरतूद केली. २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्याने मान्य केलेल्या २१ प्रकारांत स्वमग्नतेचा समावेश आहे. सरकारी नोकऱ्यांत दिव्यांगांसाठी राखीव असलेल्या ४ टक्के जागांपैकी १ टक्का जागा ज्या गटांना मिळून दिल्या आहेत, त्यांत स्वमग्न व्यक्तीही येतात.

कोलकात्यात ऑटिझम सोसायटी वेस्ट बेंगॉल, ‘प्रदीप’ यांसारख्या संस्था या क्षेत्रात काम करीत आल्या आहेत. नगराच्या दक्षिणेस शिराकोल येथे स्वमग्न प्रौढांसाठी निवासी संकुल उभारण्याचे काम इंडिया ऑटिझम सेंटर या संस्थेने हाती घेतले. या प्रयत्नांच्या मागे आईबापांचा एकच प्रश्न उभा असतो : आमच्या पश्चात याचे काय होणार? हा प्रश्न कोलकात्याइतकाच पुण्याचा, नागपूरचा व कोल्हापूरचाही आहे. मात्र तो विचारला जातो तेव्हा ज्याच्याविषयी तो असतो, त्याचे म्हणणे क्वचितच ऐकले जाते.

ते ऐकावयास लावणारी एक घटना १९९३ मध्ये कॅनडातील टोरांटो येथे घडली. जिम सिंक्लेअर हे स्वतः स्वमग्न असलेले अमेरिकी कार्यकर्ते. तेथील परिषदेत जमलेल्या पालकांपुढे त्यांनी ‘आमच्यासाठी शोक करू नका’ या आशयाचे भाषण केले. त्याचे सार असे : ज्या मुलाची तुम्ही वाट पाहिलीत ते जन्मासच आले नाही, त्याचे दुःख तुम्ही अवश्य करा, पण ते दुःख आमच्या माथी मारू नका. जे मूल समोर उभे आहे त्याला तुमची गरज आहे. आईबापांना असे तोंडावर सांगणे अनेकांना निर्दयपणाचे वाटले असेल. तथापि हेच निवेदन पुढे स्वमग्न प्रौढांच्या चळवळीतील एक मूलभूत लेख म्हणून मान्यता पावले.

अज्ञान दोन्ही बाजूंचे

स्वमग्न व्यक्तीला दुसऱ्याचे मन कळत नाही, असे दीर्घकाळ सांगितले गेले. २०१२ मध्ये डेमियन मिल्टन या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञांनी, जे स्वतः स्वमग्न आहेत, या मताला निराळे वळण दिले. त्यांचे म्हणणे असे की गैरसमज ही दुहेरी गोष्ट आहे. स्वमग्न मनुष्याला इतरांचे मन कळण्यात जशी अडचण येते, तशीच इतरांनाही स्वमग्न मनुष्याचे मन कळण्यात येते. परंतु दोष मात्र एकाच्याच पदरी पडतो.

कोलकात्याच्या सुप्रसिद्ध ‘अड्ड्या’चे उदाहरण घ्या. कॉलेज स्ट्रीटवरील कॉफी हाउसात एका मेजाभोवती पाच माणसे बसली आहेत. तिघे एकाच वेळी बोलत आहेत, थट्टा हीच आपुलकीची खूण आहे आणि विषय दर मिनिटाला बदलतो आहे. अशा बैठकीत स्वमग्न तरुण गप्प राहिला तर तो शिष्ट ठरतो. एखाद्याची चूक त्याने सरळ दाखविली तर उद्धट ठरतो. त्याच्या गप्प राहण्यामागे केवळ आवाजाचा त्रास असेल आणि चूक दाखविण्यामागे केवळ सत्याची आवड असेल, असे मेजाभोवतालच्या कोणाच्याही मनात येत नाही.

या विचाराची कसोटी प्रयोगानेही घेण्यात आली. कॅथरिन क्रॉम्प्टन व त्यांचे सहकारी यांनी एडिंबरा येथे केलेला प्रयोग २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात एक गोष्ट एकाने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला, अशी आठ जणांच्या साखळीतून सांगावयाची होती. केवळ स्वमग्न व्यक्तींच्या साखळ्यांतून गोष्ट इतरांच्या साखळ्यांइतकीच चांगली पोहोचली. मिश्र साखळ्यांत मात्र तिचा तपशील अधिक गळाला. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ३११ जणांवरील मोठ्या प्रयोगात मिश्र साखळ्याही मागे पडल्या नाहीत. शास्त्रात पहिला निष्कर्ष असा पुन्हा तपासावा लागतो. परंतु स्वमग्न व्यक्ती परस्परांशी उत्तम संवाद साधू शकतात, ही गोष्ट दोन्ही प्रयोगांत टिकून राहिली.

सल्ला रोखठोक का?

एका स्वमग्न प्रौढाने दुसऱ्याला दिलेल्या सल्ल्याचा नमुना कल्पनेने असा मांडता येईल : ‘मुलाखतीत स्वतःविषयी सांगा म्हणाले, तर जन्मापासूनची हकीकत सांगू नकोस. शिक्षण, अनुभव आणि तुला येणारे काम, एवढेच दोन मिनिटांत सांग आणि थांब. साहेब जमेल तेव्हा करा म्हणाले, तर तारीख विचारून घे. पूजेच्या दिवसांत सप्तमीच्या रात्री मंडप पाहावयास जाऊ नकोस. ढाकांचा आवाज तुला सोसणार नाही. पहाटे जा, कानांत बोळे घाल, अर्ध्या तासाने परत फीर. घरचे रागावतील, तर रागावू देत.’

या बोलण्यात मखलाशी नाही. परंतु तुच्छताही नाही. त्याचे तीन लाभ आहेत. पहिला असा की शब्दांमागचा अर्थ हुडकण्याचे श्रम वाचतात. दुसरा असा की ऐकणाऱ्याचा विश्वास बसतो. जो दोष स्पष्ट सांगतो त्याची स्तुतीही खरी मानता येते. तिसरा लाभ सर्वांत मोठा आहे. सल्ला देणारा त्याच वाटेने गेलेला असतो, म्हणून ‘तू एकटा नाहीस’ हे वाक्य न उच्चारताही ऐकणाऱ्यापर्यंत पोहोचते.

सिंक्लेअर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ पासून अमेरिकेत स्वमग्न व्यक्तींची स्वतंत्र संमेलने भरविली. त्यांत रंगीत बिल्ल्यांची पद्धत रूढ झाली. तांबडा बिल्ला म्हणजे माझ्याशी कोणी बोलू नये. पिवळा म्हणजे परिचितांनीच बोलावे. हिरवा म्हणजे मला बोलावयाचे आहे, आपण आरंभ करावा. ज्याला तोंडाने सांगणे कठीण जाते, त्याचेही म्हणणे अशा रीतीने स्पष्ट होते आणि कोणाचा अपमान होत नाही.

तथापि रोखठोकपणा हा स्वतः सद्‌गुण नव्हे. स्वमग्न व्यक्तीला शब्द बोचत नाहीत, हा समज खोटा आहे. अनेकांना ते फार खोल बोचतात. म्हणून चांगल्या सल्ल्याने तीन मर्यादा पाळाव्यात. तो मागितलेला असावा. तो कृतीविषयी असावा, माणसाच्या योग्यतेविषयी नसावा. आणि ‘मला जमले, मग तुला का जमू नये?’ हा सूर त्यात नसावा. कारण एकाची शक्ती हे दुसऱ्याचे माप होऊ शकत नाही.

तगून राहण्याची शक्ती

मनोबल म्हणजे निमूटपणे सोसणे, असे आपण सहसा समजतो. स्वमग्न प्रौढांच्या बाबतीत ही समजूत घातक ठरते. पुष्कळ जण इतरांसारखे दिसण्यासाठी दिवसभर मुखवटा धारण करतात : बळेच नजर भिडवितात, हसण्याच्या जागा पाठ करतात, हातांची सवयीची हालचाल दाबून धरतात. याचे मूल्य मोठे आहे. डोरा रेमेकर यांच्या २०२० मधील अभ्यासात अशा दीर्घ ताणातून येणाऱ्या थकव्याचे वर्णन आहे. तो तीन महिने किंवा त्याहूनही अधिक काळ टिकतो, पूर्वी येत असलेली कामे येईनाशी होतात आणि आवाज व प्रकाश सोसण्याची शक्ती घटते. अशा वेळी ‘आणखी थोडा प्रयत्न कर’ हा गोड सल्ला अपाय करतो. ‘थांब, आज हे काम सोड’ हा रूक्ष सल्ला तारतो.

खऱ्या मनोबलाला परिसराचीही साथ लागते. कॅनर यांच्या ११ मुलांपैकी पहिला होता मिसिसिपीतील डोनाल्ड ट्रिपलेट. बालपणी तो एका शेतकरी दांपत्याकडे राहिला. त्याला मोजमापांचा छंद होता, म्हणून त्यांनी त्याला विहीर खणावयास लावून तिची खोली मोजावयास सांगितले. तो मक्याच्या ओळी पुन्हा पुन्हा मोजी, म्हणून नांगरता नांगरता मोज, असे म्हणून त्याच्या हाती नांगर दिला. पुढे तो पदवीधर झाला, गावच्या बँकेत नोकरीस लागला, देशोदेशी हिंडला आणि २०२३ मध्ये ८९ व्या वर्षी निवर्तला. याउलट त्या ११ जणांपैकी जी मुले मोठ्या सरकारी रुग्णालयांत ठेवली गेली, त्यांची प्रगती खुंटल्याचे १९७१ मध्ये कॅनर यांनीच नोंदविले. अशा ठिकाणी धाडणे त्यांना जन्मठेपेसारखे वाटले.

आपले कर्तव्य

उशिरा आलेल्या मुलाला गुरुजी विचारतात, ‘किती वाजले?’ स्वमग्न मूल घड्याळ पाहून खरी वेळ सांगते आणि उद्धट म्हणून शिक्षा भोगते. त्याऐवजी ‘तू दहा मिनिटे उशिरा आलास, उद्या साडेदहाला वर्गात ये’ असे सांगितले असते, तर दोघांचेही काम झाले असते. ग्रंथालयाने आपले नियम स्पष्ट शब्दांत लिहून लावावेत, एखादा शांत कोपरा राखावा आणि रोज त्याच जागी बसणाऱ्या वाचकास त्याचे कारण विचारू नये. कचेरीने काम, मुदत आणि अपेक्षा लेखी द्याव्यात. यास फारसा पैसा लागत नाही.

आणि एखाद्या स्वमग्न सहकाऱ्याने आपली चूक तोंडावर सांगितली, तर रागावण्यापूर्वी एकच प्रश्न स्वतःला विचारावा : त्याने सांगितले ते खरे आहे काय? खरे असेल, तर त्याचे आभार मानावेत. आणि त्याला काही सांगावयाचे असेल तेव्हा आपणही तितक्याच सरळ शब्दांत सांगावे.