जुन्या छपरावरचे शिसे

इंग्लंडात स्थायिक झालेली आपली मंडळी घर घेतात, तेव्हा ते पुष्कळदा शंभर-सव्वाशे वर्षांचे निघते. खिडक्या, हीटिंग, स्वयंपाकघर सगळे बारकाईने पाहून होते. छपरावर धुराड्याच्या बुडाशी, भिंतीलगत किंवा दोन उतार मिळतात त्या पन्हळीत जो करडा पत्रा दिसतो, त्याच्याकडे मात्र कुणाचे लक्ष जात नाही. तो शिशाचा असतो. स्लेटचे छप्पर गळू लागले की पहिला संशय या सांध्यांवर घ्यावा.

शिसेच का

शिसे मऊ असते. लाकडी ठोकणीने ते विटेच्या कडेवर, स्लेटच्या उंचसखलपणावर अंगाला बसवल्यासारखे बसवता येते. हवेत त्यावर करडा थर धरतो आणि तोच पुढे त्याला राखतो. नीट बसवलेले शिसे शंभर वर्षे सहज काढते.

आमच्या घरातला डाग

आमच्या मागच्या बैठ्या भागाचे छप्पर मुख्य घराच्या भिंतीला टेकते. त्याखाली, स्वयंपाकघराच्या छतावर चहाच्या रंगाचा डाग उमटला. पावसात माळ्याच्या झडपेतून टॉर्च मारला तर भिंतीलगतचा वासा ओला होता. वर चढलेल्या कारागिराने फोटो काढून आणला: जवळजवळ तीन मीटर लांबीचा एकच अखंड पत्रा, मधोमध केसाएवढी चीर आणि तिच्यावर पूर्वी कुणीतरी चिकटवलेली काळी डांबरी पट्टी. पट्टीच्या कडा सुटून आत पाणी साचत होते.

चीर पडण्याचे कारण साधे आहे. शिसे तापले की पसरते, गार झाले की आखडते. तीन मीटरचा तुकडा 50 अंशांच्या फरकाने चार मिलिमीटरहून जास्त हलतो. त्याला हलायला जागा नसेल तर तो रोज थोडा थोडा वाकतो आणि शेवटी थकून फाटतो. म्हणून भिंतीलगतचा एक तुकडा दीड मीटरपेक्षा लांब नसावा आणि दोन तुकडे एकमेकांवर निदान 100 मिलिमीटर चढवावेत. माझ्या मते या कामातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच. शिसे वयाने क्वचित मरते. लांब तुकडे लावणाऱ्यांमुळे मरते. चिरेवर पट्टी किंवा सीलंट लावले तर हिवाळा निघेल, पण पत्रा हलायचा थांबत नाही.

जाडी कशी ओळखायची

पत्र्याची जाडी ‘कोड’मध्ये सांगतात. कोडचा आकडा म्हणजे एका चौरस फुटाचे पौंडांतले वजन. कोड 4 चा पत्रा 1.8 मिलिमीटर जाड आणि त्याच्या गुंडाळीवर निळी खूण असते. कोड 5 ची खूण लाल. भिंतीलगत बहुधा कोड 4 चालतो, पन्हळीला कोड 5 घ्यावा.

बदलताना

विटांच्या दरजेत 25 मिलिमीटर खोल खाच करून पत्र्याची वरची कड आत घालतात, शिशाच्याच पाचरी ठोकतात आणि मग दरज भरतात. स्लेटपासून पत्रा भिंतीवर निदान 150 मिलिमीटर चढलेला हवा. खिळे तांब्याचे किंवा स्टेनलेस स्टीलचे घ्यावेत. नव्या शिशावरून पावसात पांढरे ओघळ उतरतात आणि स्लेटवर डाग पाडतात. त्यासाठी त्याच दिवशी फडक्याने पॅटिनेशन ऑइल लावायचे, चढवलेल्या कडांच्या खालूनही.

छपरावर ज्योत नको. वेस्ट ससेक्समधले अपपार्क हे जुने मोठे घर 30 ऑगस्ट 1989 रोजी जळाले, ते छपरावरच्या शिशाचे काम चालू असताना ब्लोटॉर्चमुळे. जोडकाम खाली, अंगणात करून तयार तुकडा वर नेता येतो. घर ‘लिस्टेड’ असेल तर आधी काउन्सिलच्या कॉन्झर्व्हेशन ऑफिसरला विचारावे.

वर्षभराची देखभाल

पानगळ संपल्यावर एकदा आणि थंडी सरल्यावर एकदा, बागेतून दुर्बिणीने पाहिले तरी पुरते. उचललेली कड, सुटलेली दरज, पन्हळीत साचलेली पाने, एवढेच शोधायचे. स्लेटवर दगडफूल वाढले असेल तर त्यावरून ठिबकणारे आम्लयुक्त पाणी शिशात खळी पाडते, तिथे नीट बघावे. पत्र्याच्या खालच्या अंगाला पांढरी भुकटी दिसली तर आत दमट हवा कोंडते आहे असे समजून वायुवीजन सुधारावे.

शिसे विषारी आहे. हात लावल्यावर साबणाने धुवावेत, मुलांना कातरणांजवळ जाऊ देऊ नये, त्यावरून आलेले पाणी पिऊ नये.

कारागिराकडून दरपत्रक घ्याल तेव्हा त्यात पत्र्याचा कोड आणि प्रत्येक तुकड्याची लांबी लिहून मागा. काढलेले जुने शिसे कोण नेणार तेही त्यातच ठरवा. भंगारात त्याला पैसे मिळतात.