छतावरचं सोलर बंद पडलं तर दुरुस्ती कोण करणार? वॉरंटी नेमकी कशी चालते?

गच्चीवर सोलर बसवलं की पहिले काही महिने घरातला प्रत्येक जण मोबाइलवर 'आज किती युनिट झाले' ते बघत असतो. मग सवय सुटते. बिल नाममात्र येत राहतं. आणि वर्ष-दीड वर्षानं एका महिन्यात एकदम दोन-तीन हजारांचं बिल हातात पडतं. तेव्हा कळतं, इन्व्हर्टर कधीचाच बंद आहे.

फ्रीज बंद पडला तर काही तासांत समजतं. सोलरचं तसं नाही. घरगुती प्रकल्प वीज कंपनीच्या लाइनला जोडलेला असतो. तो थांबला की घर आपोआप लाइनची वीज घ्यायला लागतं. दिवे चालू, पंखे चालू, कुणाला पत्ताच नाही. ३ किलोवॉटचा प्रकल्प दिवसाला सरासरी १२ युनिटच्या आसपास वीज देतो. महिनाभर बंद राहिला तर ३६० युनिट गेले. युनिटला १० रुपये धरले तर हे ३,६०० रुपये होतात. कर्ज काढलं असेल तर हप्ता थांबत नाही. आणि वॉरंटीत पार्ट बदलून मिळतो, बुडालेल्या युनिटचे पैसे सहसा मिळत नाहीत.

फेब्रुवारी २०२४ मध्ये 'पीएम सूर्यघर मोफत वीज योजना' सुरू झाली. १ कोटी घरांचं लक्ष्य आणि ३ किलोवॉटला ७८ हजार रुपयांपर्यंत अनुदान, यामुळे गावोगावी पॅनेल दिसू लागली. त्यामुळे 'बसवायचं कसं' यापेक्षा 'बिघडलं तर जायचं कुणाकडे' हा प्रश्न आता जास्त घरांत विचारला जातोय.

वॉरंटी एक नाही, तीन

सोलर म्हणजे एकच वस्तू, असं ग्राहकाला वाटतं. कागदावर मात्र ती वेगवेगळ्या कंपन्यांची जुळवाजुळव असते.

पॅनेलची वॉरंटी पॅनेल बनवणारी कंपनी देते आणि तिचेही दोन भाग असतात. पॅनेलच्या बनावटीत दोष निघाला तर साधारण १० ते १२ वर्षांची वॉरंटी असते. दुसरी २५ वर्षांची. ती इतकंच सांगते, की पॅनेलची क्षमता दरवर्षी ठरलेल्या प्रमाणापेक्षा जास्त घटणार नाही. इन्व्हर्टरची वॉरंटी त्याच्या कंपनीची. ती बहुधा ५ ते १० वर्षांची असते. तिसरी जबाबदारी वेंडरची, म्हणजे ज्यानं सगळं आणून जोडलं त्याची. स्ट्रक्चर, केबल, अर्थिंग, एसी-डीसी बॉक्स हे त्याचं काम. सूर्यघर योजनेत बसवलेल्या प्रकल्पाची ५ वर्षं देखभाल करणं वेंडरवर बंधनकारक आहे.

जाहिरातीत २५ हा आकडा सगळ्यात मोठ्या अक्षरात असतो. व्यवहारात घरच्या ग्राहकाच्या कामी येते ती ही ५ वर्षांची देखभाल. २५ वर्षांच्या वॉरंटीवर दावा करायचा तर पॅनेलची क्षमता खरंच घटली आहे, हे ठराविक परिस्थितीत मोजून दाखवावं लागतं. अ‍ॅपमधला कमी झालेला आकडा त्यासाठी पुरेसा पुरावा नाही. धूळ, ढग किंवा शेजारी उभी राहिलेली नवी इमारत, कशानंही तो कमी होतो.

खरंच बिघाड आहे का?

बऱ्याच तक्रारी इथेच मिटतात. अ‍ॅपवर युनिट दिसत नाहीत म्हणजे वीज बनत नाही, असं नसतं. घरातल्या वायफायचा पासवर्ड बदलला तरी अ‍ॅप शांत होतं. इन्व्हर्टरचा डिस्प्ले किंवा सोलर जनरेशन मीटरचं रीडिंग सकाळी आणि संध्याकाळी पाहिलं की खरं काय ते कळतं.

लाइट गेल्यावर सोलरही बंद पडतं, हीसुद्धा बिघाडाची खूण नाही. खांबावर काम करणाऱ्या लाइनमनला गच्चीवरच्या विजेचा शॉक बसू नये, म्हणून लाइन गेली की इन्व्हर्टर मुद्दाम थांबतो. बॅटरी नसलेल्या प्रकल्पात हे असंच व्हायला हवं.

तुलना करायची तर जुलैची एप्रिलशी करून उपयोग नाही. गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करावी, किंवा त्याच भागातल्या तेवढ्याच किलोवॉटच्या दुसऱ्या घराशी. कडक उन्हाळ्यातही उत्पादन थोडं घटतं. पॅनेल तापलं की २५ अंशांच्या वर प्रत्येक अंशामागे त्याची क्षमता साधारण ०.३ ते ०.४ टक्के कमी होते.

वीज नीट बनतेय, तरीही बिल वाढलं? मग बिलावरचे इम्पोर्ट आणि एक्स्पोर्टचे आकडे नेट मीटरवरच्या आकड्यांशी जुळवून बघायला हवेत. जुळत नसतील तर प्रश्न बिलिंगचा आहे. जुळत असतील तर घरात नवा एसी आलाय का, हेही आठवून पाहावं.

दुपारी बंद, संध्याकाळी सुरू

सगळ्यात जास्त टोलवाटोलवी होते ती या बिघाडावर. ऐन १२ ते २ च्या उन्हात इन्व्हर्टर थांबतो, काही मिनिटांनी सुरू होतो, पुन्हा थांबतो. डिस्प्लेवर 'ग्रिड ओव्हर व्होल्टेज' असा संदेश येतो. वेंडर म्हणतो, महावितरणचा प्रॉब्लेम. महावितरणचा माणूस म्हणतो, तुमच्या सोलरचा प्रॉब्लेम. दोघंही खरं बोलत असू शकतात.

एकाच डीपीवर अनेक घरांनी सोलर बसवलं की दुपारी सगळ्यांची जास्तीची वीज एकदम लाइनवर येते. त्या वेळी वापर कमी असतो. त्यामुळे व्होल्टेज चढतं आणि ठरलेली मर्यादा ओलांडली की इन्व्हर्टर स्वतःला लाइनपासून तोडून घेतो. घरगुती जोडणीत २३० व्होल्टच्या ६ टक्के वर-खाली, म्हणजे २१६ ते २४४ पर्यंत व्होल्टेज ठेवणं ही वीज कंपनीची जबाबदारी आहे. उपाय त्यांच्याकडे असतात: रोहित्राचा टॅप बदलणं, फेजवरचा भार समतोल करणं, जुनी बारीक तार बदलणं.

पण दोष घरातही असू शकतो. इन्व्हर्टर गच्चीवर, मीटर तळमजल्यावर आणि मधली केबल वेंडरनं पैसे वाचवायला बारीक टाकलेली. अशा केबलमधून वीज बाहेर ढकलताना इन्व्हर्टरच्या टोकाला व्होल्टेज आणखी वाढतं. हे ओळखायची सोपी परीक्षा आहे. भर दुपारी, प्रकल्प पूर्ण जोरात चालू असताना, मीटरपाशी आणि इन्व्हर्टरपाशी एकाच वेळी व्होल्टेज मोजायचं. मोजमाप अर्थातच जाणत्या वायरमनकडून. मीटरपाशी २४० आणि इन्व्हर्टरपाशी २५२ निघाले तर केबल वेंडरनं बदलून द्यायला हवी. दोन्हीकडे २५०च्या वर असेल तर तक्रार वीज कंपनीकडे. दोन्ही आकड्यांचे वेळेसह फोटो असले की टोलवाटोलवीला जागा उरत नाही.

काही ठिकाणी टेक्निशियन इन्व्हर्टरच्या सेटिंगमध्ये जाऊन व्होल्टेजची मर्यादाच वाढवून देतो. तक्रार बंद होते, पण चढलेलं व्होल्टेज घरातल्या टीव्ही-फ्रीजला सोसावं लागतं. वॉरंटीच्या दाव्यात ही छेडछाड अंगाशी येऊ शकते, ते वेगळंच.

पावसाळा, उंदीर आणि माकडं

पावसात सकाळी इन्व्हर्टर सुरूच होत नाही, दुपारी ऊन पडल्यावर चालू होतो आणि डिस्प्लेवर 'आयसोलेशन फॉल्ट' येतो. याचा अर्थ बहुतेक वेळा कुठल्या तरी केबलमध्ये किंवा कनेक्टरमध्ये पाणी शिरलंय. उंदरानं वायर कुरतडली असेल तरी हेच होतं. कनेक्टर नीट दाबला नव्हता किंवा केबल पाइपात न घालता स्लॅबवर तशीच सोडली होती, तर ते सदोष काम ठरतं आणि ते देखभालीत बसतं.

माकडांच्या उड्यांनी किंवा गारपिटीनं पॅनेलची काच फुटली तर मात्र वॉरंटी सहसा लागू होत नाही. वीज पडून झालेल्या नुकसानाचंही तेच. त्यासाठी घराच्या विम्यात सोलरचा उल्लेख आहे का, ते बघावं लागतं.

इथे एक इशारा गरजेचा आहे. मेन स्विच पाडला तरी पॅनेलमधला डीसी प्रवाह बंद होत नाही. ऊन आहे तोवर व्होल्टेज असतंच आणि ५४० वॉटची ६ पॅनेल ओळीत जोडली तर ते ३०० व्होल्टच्या आसपास जातं. चालू स्थितीत कनेक्टर ओढला तर ठिणगी पेटते. त्यामुळे घरी स्क्रू ड्रायव्हर हातात घेण्याचा विषयच नाही. शिवाय बाहेरच्या माणसाकडून इन्व्हर्टर उघडला की वॉरंटी गेलीच म्हणून समजा.

वेंडर फोन उचलत नसेल तर?

फोनवरच्या 'उद्या माणूस पाठवतो'ला कायदेशीर किंमत नाही. तक्रार ईमेल किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून द्यावी. त्यात एरर कोड, तारीख, रोजचं रीडिंग आणि फोटो असावेत. इन्व्हर्टरमध्येच दोष असेल तर थेट त्याच्या कंपनीच्या सेवा केंद्राकडे जाता येतं. वेंडरनं दुकान गुंडाळलं तरी उत्पादकाची वॉरंटी संपत नाही. मात्र त्यासाठी बिल आणि सीरियल नंबर हवेत. पॅनेलचा नंबर मागच्या बाजूच्या लेबलवर असतो आणि बसवल्यावर तिथपर्यंत हात पोचत नाही. म्हणून पॅनेल खाली असतानाच फोटो काढून ठेवलेले बरे. उत्पादक पॅनेल बदलून देतो, पण उतरवणं, वाहतूक आणि पुन्हा बसवणं यांचा खर्च बऱ्याच अटींमध्ये ग्राहकावर टाकलेला असतो.

अनुदानातून बसवलेल्या प्रकल्पाची तक्रार सूर्यघरच्या राष्ट्रीय पोर्टलवर नोंदवता येते. त्याची प्रत वीज कंपनीलाही द्यावी, कारण योजनेत नोंदणी करताना वेंडरला बँक गॅरंटी द्यावी लागते. व्होल्टेज, नेट मीटर आणि बिलाच्या तक्रारीसाठी महावितरणचा १९१२ हा क्रमांक आहे. तिथे दाद मिळाली नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच आणि त्यानंतर विद्युत लोकपाल.

वेंडरच्या विरोधात राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार करता येते. तेवढ्यावर भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. ग्राहक जिथे राहतो त्या जिल्ह्यात अर्ज करता येतो. मोजलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही आणि वकील सक्तीचा नाही. मुदत मात्र तक्रारीचं कारण घडल्यापासून २ वर्षांची. कायद्यात निकालासाठी ३ ते ५ महिन्यांची अपेक्षा आहे, प्रत्यक्षात तारखा त्यापेक्षा लांबतात. त्यामुळे लेखी तक्रारीनंतर वेंडरला आठ-पंधरा दिवस देऊन नोटीस पाठवणं शहाणपणाचं.

५ वर्षांची देखभाल संपत आली की वेंडर पुढच्या वार्षिक कराराचा कागद घेऊन येतो. त्यावर सही करण्याआधी जुन्या मुदतीतच पूर्ण तपासणी करून लेखी अहवाल मागता येतो. अर्थिंगचं मोजमाप, कनेक्टरची अवस्था, गंजलेले नटबोल्ट, प्रत्येक ओळीचं व्होल्टेज. त्यात जे दोष निघतील ते आधीच्याच जबाबदारीत दुरुस्त व्हायला हवेत, नव्या कराराच्या पैशातून नाही.